पंचवीस मिनिटांची फिल्म

थंडी पडायला लागली की आपल्याकडे शहराशहरांत रस्त्याच्या कडेला स्वेटरचे स्टॉल लागतात. घरी आल्यावर आपण सांगतो, ‘नेपाळ्यांकडून आणला.’ खरं तर तिथे बसलेल्या बायका बऱ्याचदा तिबेटी असतात. माल लुधियानाचा आणि राहणं कर्नाटकातल्या वसाहतीत, नाहीतर आपल्याच गोंदिया जिल्ह्यात. हो, तिथल्या गोठणगावला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. मलाही हे अगदी अलीकडे कळलं.

त्यामुळे तिबेटी दिग्दर्शकांसाठी लघुपटांची वेगळी स्पर्धा असते, असं कुणी सांगितलं तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, ‘यांचा सिनेमा? तो कुठे लागतो?’ प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता म्हणा. २००९ च्या गणतीत तिबेटबाहेरचे तिबेटी सव्वा लाखाच्या थोडेच वर भरले, आणि तेही भारत, नेपाळ, अमेरिका, स्वित्झर्लंड असे विखुरलेले. एवढ्याशा प्रेक्षकांसाठी कोण निर्माता पैसे लावणार? तीन तासांचा सिनेमा परवडत नाही, पण दहा-पंधरा मिनिटांची फिल्म जमते. उसना कॅमेरा, दोन मित्र आणि समोर स्वतःची आजी! झ्युरिक आणि धरमशाला इथे सुरू झालेल्या तिबेट फिल्म फेस्टिव्हलमध्ये अशाच फिल्म्सची ही स्पर्धा ठेवली गेली.

पण या फेस्टिव्हलच्या मुळाशी जी गोष्ट आहे, ती वाचून मात्र मी सुन्न झाले.

धोंडुप वांगचेन हा आमदो भागातल्या शेतकरी कुटुंबातला माणूस. फिल्म मेकिंगचं कसलंही शिक्षण नाही. २००८ चं ऑलिंपिक बीजिंगला होणार होतं. त्याबद्दल, दलाई लामांबद्दल, स्वतःच्या जगण्याबद्दल साध्या तिबेटी माणसांना काय वाटतं, हे त्याला कॅमेऱ्यात पकडायचं होतं. गोलोक जिग्मे या भिक्षूला सोबत घेऊन ऑक्टोबर २००७ पासून मार्च २००८ पर्यंत तो गावोगाव फिरला आणि शंभरावर लोकांशी बोलला. बोलणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी चेहरासुद्धा लपवला नाही. टेप्स झ्युरिकला त्याच्या नात्यातल्या भावाकडे पोचल्या आणि २६ मार्चला पोलिसांनी धोंडुपला उचललं. त्याच टेप्समधून पंचवीस मिनिटांची ‘जिगद्रेल’ तयार झाली. इंग्रजी नावाचा अर्थ ‘भीती मागे टाकून’. ऑलिंपिक सुरू व्हायच्या दोन दिवस आधी ती बीजिंगमध्ये परदेशी पत्रकारांना गुपचूप दाखवली गेली. डिसेंबर २००९ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे फिल्मच्या दर चार मिनिटांना जवळजवळ एक वर्ष!

त्याच्या सुटकेसाठी झटणाऱ्या ‘फिल्मिंग फॉर तिबेट’ या संस्थेच्या कामातूनच पुढे हा फेस्टिव्हल उभा राहिला.

आता मला खरं सांगायचंय ते त्याच्या बायकोबद्दल. ल्हामो त्सो तिचं नाव. शूटिंग सुरू होण्याआधीच धोंडुपने तिला आणि चार मुलांना धरमशालेला पाठवून दिलं होतं, त्यांना धोका नको म्हणून. नवरा तुरुंगात, गाव परकं, बोली परकी, पदरात चार मुलं आणि म्हातारे सासू-सासरे. ती काय करायची? मध्यरात्री उठून पाव भाजायची आणि सकाळी रस्त्याच्या कडेला बसून विकायची. वर्षानुवर्षं. एवढं करून ती युरोप-अमेरिकेत सभांमधून नवऱ्यासाठी बोलायला उभी राहायची. अनोळखी लोकांसमोर आपलं घरचं दुःख पुन्हा पुन्हा उलगडून सांगायचं, हे पाव भाजण्यापेक्षा सोपं नसणार.

धोंडुपला २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या पत्रकार संरक्षण समितीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा तो तुरुंगातच होता. पुरस्कार त्याच्या धाडसाचा होता, आणि तो योग्यच होता. पण पहाटेच्या त्या पावांना कुठल्या रकान्यात बसवायचं? सिनेमाच्या श्रेयनामावलीत कॅमेरामन येतो, संकलक येतो, चहा देणारा पोऱ्याही कधीकधी येतो. घर चालवणारी येत नाही. (आपल्याकडे सरस्वतीबाई फाळके आठवतात ना? दागिने त्यांचे, रात्री जागून फिल्म धुणंही त्यांचं.)

मला वाटतं, अशा स्पर्धेत कुणी तरुण तिबेटी मुलीने फिल्म पाठवावी ती याच बायकांची. पाव भाजणाऱ्यांची, स्वेटर विकणाऱ्यांची. पंधरा मिनिटं त्याला पुरेशी आहेत.

जून २०१४ मध्ये धोंडुप सुटला, पण सुटूनही पाळत होतीच. ल्हामो त्सो तोवर अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला पोचली होती. शेवटी तो चीनमधून निसटला आणि २५ डिसेंबर २०१७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला उतरला. धरमशालेला पाठवताना लहान असलेली त्याची मुलं तोवर मोठी झाली होती.