चकतीवर छापताना शाई किती?

बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. आपल्या गावातही मुलांकडून असे काम करून घ्यावे आणि त्याची सीडी शाळेत जपून ठेवावी, असे एखाद्या शिक्षकाला वाटेल. एकदाच नोंद होणाऱ्या सीडीवरचे गाणे चुकून पुसले जात नाही, हा तिचा गुण आजही आहे. प्रश्न येतो तो गाणारीचे नाव लिहिण्याचा. बॉलपेन तर नकोच! सीडीत माहितीचा थर नावाच्या बाजूलाच, अगदी पातळ लेपाखाली असतो. (डीव्हीडीत तो मधोमध असतो.) चिकटवलेला कागद थोडा जरी सरकला तरी फिरत्या चकतीचा तोल जातो.

त्यापेक्षा चकतीवर थेट छापावे. त्यासाठी चकतीचा ट्रे असलेला इंकजेट प्रिंटर लागतो आणि चकतीही छपाईयोग्य, पांढऱ्या पृष्ठभागाची लागते. असे का, हे वर्गात दाखवता येईल. खडूवर आणि प्लास्टिकच्या पट्टीवर शाईचा एकेक थेंब टाका. खडू थेंब पिऊन टाकतो, पट्टीवर तो तसाच राहतो. चकतीवरचा पांढरा लेप खडूसारखा, पण फार पातळ. त्याखाली पट्टीसारखेच प्लास्टिक. लेप पिईल त्याहून जास्त शाई पडली की ती पसरणारच.

प्रिंटरला आपण कागदाचा प्रकार सांगतो, तेव्हा खरे तर किती शाई सोडायची तेच सांगत असतो. आम्ही पहिल्यांदा 'फोटो कागद' आणि 'सर्वोत्तम दर्जा' निवडला, भोवती काळी जाड चौकटही दिली. दुसऱ्या दिवशीही चौकट बोटाला लागत होती! मग प्रकार 'सीडी/डीव्हीडी' केला, शाईची घनता एक पायरी उतरवली, चौकट काढली. अक्षरे स्वच्छ उमटली.

चकतीचा व्यास १२० मिलिमीटर असतो. छपाई ११६ पर्यंतच ठेवावी. आतला व्यास मात्र पट्टीने मोजूनच भरावा, कारण पांढरा लेप काही चकत्यांवर भोकाजवळून, तर काहींवर बराच बाहेरून सुरू होतो. आधी गाणी नोंदवावीत, मग छापावे, आणि चकती दिवसभर सावलीत वाळवावी. पावसाळ्यात जास्त वेळ द्यावा. आपल्याकडच्या मे महिन्यात उलटी अडचण येते: बंद शाळेतल्या प्रिंटरच्या बारीक छिद्रांतच शाई सुकते. सुट्टीतही आठवड्याला एक रंगीत पान छापणारे कोणीतरी नेमून ठेवावे.