स्वयंचलित उद्भासनाचे जपानी रेंजफाइंडर कॅमेरे

स्वयंचलित उद्भासनाचे जपानी रेंजफाइंडर कॅमेरे हे मुख्यतः १९६० व १९७० च्या दशकांत जपानमध्ये तयार झालेले, ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारे कॅमेरे होत. दृश्यदर्शकातील दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून विषयाचे अंतर साधणारी योजना म्हणजे रेंजफाइंडर, तर फिल्मवर पाडावयाच्या प्रकाशाचे प्रमाण म्हणजे उद्भासन. या कॅमेऱ्यांत अंतर छायाचित्रकार जुळवीत असे. उद्भासनाचा निर्णय मात्र अंशतः किंवा पूर्णतः यंत्राकडे गेला.

== पार्श्वभूमी ==
उद्भासन भिंगाच्या छिद्राचा आकार आणि शटर उघडे राहण्याचा काळ या दोहोंवर अवलंबून असते. पूर्वी ही दोन्ही मूल्ये अंदाजाने किंवा स्वतंत्र प्रकाशमापकाच्या साहाय्याने ठरवावी लागत, आणि चूक झाल्याचे फिल्म धुतल्यावरच कळे. स्वयंचलित उद्भासनाचा पहिला कॅमेरा, कोडॅकचा सुपर सिक्स-२०, १९३८ मध्ये अमेरिकेत आला. परंतु तो फार महाग होता. जपानमध्ये ऑलिंपसचा ऑटो आय (१९६०) आणि कॅननचा कॅनोनेट (१९६१) यांनी ही सोय सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणली. कॅनोनेटची किंमत १८,८०० येन होती.

== कार्यपद्धती ==
कॅनोनेटमध्ये भिंगाभोवती सिलिनियमचा प्रकाशविद्युत घट बसविलेला होता. प्रकाश पडताच त्यात स्वतःच वीज निर्माण होई, म्हणून बॅटरी लागत नसे. या विजेने मापकाचा काटा हले. शटरची कळ दाबताना तो काटा जागीच पकडला जाई आणि त्याच्या स्थितीनुसार छिद्र ठरे. शटरचा वेग छायाचित्रकाराने आधीच निवडलेला असे.

पुढे कॅडमियम सल्फाइडचा घट वापरात आला. प्रकाशानुसार त्याचा विद्युतरोध बदलतो. त्याला बॅटरी लागते. मात्र मंद प्रकाशात तो सिलिनियमपेक्षा अधिक संवेदनशील असतो.

१९६६ च्या सुमारास आलेल्या याशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये क्रम उलटा होता: छिद्र छायाचित्रकार निवडी आणि शटरचा काळ इलेक्ट्रॉनिक मंडल ठरवी. त्यामुळे ठरावीक टप्प्यांऐवजी मधला कोणताही काळ मिळू शके. प्रकाश अति असल्यास तांबडा आणि शटर संथ चालणार असल्यास पिवळा दिवा लागे.

== अंतराळातील वापर ==
२० फेब्रुवारी १९६२ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा करताना जॉन ग्लेन यांच्याजवळ अँस्को ऑटोसेट हा कॅमेरा होता. तो मूळचा मिनोल्टाचा हाय-मॅटिक असून अमेरिकेत अँस्को या नावाने विकला जाई.

== मर्यादा ==
प्रकाशमापक दृश्याची सरासरी काढतो. त्यातील महत्त्वाचा भाग कोणता, हे त्याला कळत नाही. पाण्याने भरलेल्या, उन्हात चमकणाऱ्या भातखाचरासमोर उभ्या माणसाचे छायाचित्र घेतल्यास यंत्र चकाकीप्रमाणे उद्भासन घटविते आणि चेहरा काळवंडतो. अशा वेळी निर्णय पुन्हा माणसालाच घ्यावा लागतो.

== सद्यःस्थिती ==
१९७७ च्या कोनिका सी३५ एएफ या कॅमेऱ्याने अंतर जुळविण्याचे कामही यंत्राकडे सोपविले आणि रेंजफाइंडरची गरज ओसरू लागली. पाऱ्याच्या बॅटऱ्या पर्यावरणीय कारणांमुळे बंद झाल्याने पर्यायी बॅटरीच्या वेगळ्या व्होल्टतेमुळे काही कॅमेऱ्यांचे मापन चुकते. कॅनोनेट हाताने छिद्र निवडून आजही वापरता येतो. इलेक्ट्रो ३५ चे शटर मात्र बॅटरीविना १/५०० सेकंद या एकाच वेगाने चालते.