राजाचे स्मारक

पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांचा पुत्र राजा हा लहानपणीच निवर्तला. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी गावोगाव हिंडून समया, अडकित्ते, दौती, वाद्ये अशा वीस हजारांहून अधिक वस्तू जमविल्या आणि १९७५ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

बखरींतून राजेरजवाड्यांचा इतिहास कळतो. सामान्य घरांतील जीवन मात्र या वस्तूंतच आढळते. पाय घासण्याच्या वज्रीवरही कारागिराने पाखरे घडविली आहेत. त्याचे नाव कोठेच नोंदलेले नाही. परंतु त्याची रसिकता तेथे आजही दिसते. एका पित्याच्या दुःखातून साऱ्या समाजाचा ठेवा असा सुरक्षित राहिला.