पाड्यावरची शाळा, लेखांक 7 : निरोप कुणाच्या हाती द्यायचा?

गेल्या आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची रचना पाहिली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं घालून दिलं आहे. त्याच कायद्याच्या 24 व्या कलमाने शिक्षकांवर एक कामही सोपवलं आहे. पालकांना नियमित भेटायचं आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची कुवत, त्याची प्रगती त्यांच्या कानावर घालायची. कागदावर हे सरळ आहे. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर मात्र अडतं ते पहिल्याच पायरीला : भेटायचं कुणाला?

बऱ्याच शाळांनी हा प्रश्न मोबाइलवर सोपवला आहे. वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो. गृहपाठ, सुट्टीची सूचना, जातीच्या दाखल्याची आठवण, आधारची झेरॉक्स, सगळं त्यावर पडतं. पण पाड्यावरच्या घरात फोन बहुधा एकच, आणि तो बापाच्या खिशात. बाप सकाळी आसनगावहून लोकल पकडतो, नाहीतर भिवंडीच्या गोदामात माल चढवायला जातो. निरोप दुपारी येतो आणि तो वाचला जातो रात्री, पोर झोपल्यावर. डोळखांबच्या आतल्या वाड्यांत किंवा माळशेजच्या पायथ्याला रेंज येते-जाते. महिनाअखेर रिचार्ज संपला की तेवढाही धागा तुटतो. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे साऱ्या राज्याला दिसलं. ज्या गुरुजींनी आणि बाईंनी पाड्यात जाऊन ओट्यावर, झाडाखाली चार-पाच मुलांना बसवून शिकवलं, त्यांच्या मुलांची वाचनाची सवय टिकली.

फोन वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. फोन ज्याच्या हातात आहे, तो माणूस दिवसभर मुलाजवळ नसतो, एवढंच सांगायचं आहे.

मग जवळ कोण असतं? आवणीच्या दिवसांत आई-बाप दोघंही चिखलात. पुढे भातकापणी, मग झोडणी. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांकडे निघतात आणि काही घरांत मूल मागे ठेवलं जातं ते आजीपाशी. त्याला उठवणारी, केस विंचरून देणारी, ‘आज शाळेत नको जाऊ, बकऱ्यांमागं जा’ असं सांगणारी किंवा न सांगणारी तीच. मूल शाळेत येणार की नाही, याचा रोजचा निकाल तिच्या उंबऱ्यावर लागतो. कायद्यालाही हे मान्य आहे. मुलाचा सांभाळ ज्याच्याकडे आहे, त्याला तो पालकच समजतो. आपल्या पालकसभेत मात्र आजी आलीच तर मागे भिंतीला टेकून बसते. शेवटी रजिस्टर फिरतं, शाईचा पॅड पुढे होतो, ती अंगठा उठवते आणि निघते. सभेत काय झालं ते तिला कुणी विचारत नाही.

या आजीला शाळेत आणण्याचं ठळक उदाहरण मुरबाड तालुक्यातच आहे. फांगणे गावातली ‘आजीबाईची शाळा’ अनेकांनी बातम्यांत पाहिली असेल. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या मदतीने 8 मार्च 2016 रोजी, महिला दिनी, ती सुरू केली. त्याआधी शिवजयंतीच्या सुमारास गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी आपल्यालाही वाचता आलं असतं तर, असं बोलून दाखवलं होतं. ते एका शिक्षकाच्या मनात राहिलं. साठ ते नव्वद वयाच्या या विद्यार्थिनी दुपारी घरची कामं आवरून गुलाबी लुगडं नेसून, खांद्याला दप्तर अडकवून वर्गात येऊ लागल्या. शिकवायला गावातलीच एक सून. तिच्या वर्गात तिची स्वतःची सासूही होती. आवारात प्रत्येकीने एकेक रोप लावलं आणि ते जगवायची जबाबदारी तिचीच.

देशी-परदेशी वाहिन्यांनी गुलाबी लुगड्यांची भरपूर छायाचित्रं काढली. मला त्याहून मोलाचं वाटतं ते वर्ग सुटल्यावर घरात घडतं ते. आयुष्यभर विळा धरलेल्या हाताला पाटीवरची पेन्सिल हलकी वाटते. जोर जास्त पडतो, टोक मोडतं, ‘आ’चा काना रेषेबाहेर जातो. घरी शेजारी बसलेलं नातवंड ते पुसून पुन्हा काढून दाखवतं. फांगण्याच्या आज्यांनी घरचा अभ्यास नातवंडांच्या मदतीने केला. आता विचार करा, ज्या पोराने काल आजीला अक्षर शिकवलं, त्याला आज ‘बकऱ्यांमागं जा’ म्हणताना तिची जीभ किती रेटेल? शाळेत बसायला किती कष्ट पडतात, आज जमलं नाही तर उद्या कसं जमतं, हे तिला स्वतःच्या पाटीवरून कळलेलं असतं. कितीही पालकसभा घेतल्या तरी एवढं पोचवता येत नाही. अंगठ्याच्या जागी सही करता येणं ही तर तिच्या जन्माची कमाई.

प्रत्येक गावात अशी शाळा निघणार नाही. तिला देणगीदार लागतो, रोज दोन तास देणारी शिक्षिका लागते. पण फांगण्यातलं मर्म कुठल्याही दोनशिक्षकी शाळेला उचलता येईल. घरातल्या ज्या माणसापाशी मूल असतं, त्या माणसाला शाळेशी काहीतरी काम हवं. नुसता निरोप पुरत नाही.

उदाहरणार्थ, पहिला पाऊस पडला की रानभाज्या निघतात. शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, लोत. चौथीच्या परिसर अभ्यासात वनस्पती असतातच. मुलांना सांगायचं, आजीला विचारून या : शेवळं कुठे उगवतात, किती दिवस मिळतात, त्यात काकड का घालावे लागतात? काकडाशिवाय शेवळं घशाला खाजतात, हे आजी सांगेल, पोर लिहून आणेल, वर्गात वाचेल. एखाद्या शनिवारी आजीलाच टोपली घेऊन वर्गात बोलवायचं. त्या दिवशी ती भिंतीला टेकून बसणार नाही, आणि तिच्याशी बोलता बोलता नातवाची हजेरी का घसरली हेही कळेल. चौकशीची नोटीस पाठवून जे कळत नाही, ते अशा वेळी सहज बोललं जातं.

फोन वापरायचा तर बोलून वापरावा. लांबलचक लिहिलेला निरोप ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो आलाच नाही. अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज, त्यात एकच गोष्ट, आणि भाषा पुस्तकी नको. कातकरी किंवा ठाकर घरात बोलली जाणारी बोली शिक्षकाला येत नसेल तर सातवीतल्या मुलीकडून निरोप बोलून घ्यावा. बाप रात्री घरी आल्यावर तो सगळ्यांना ऐकवता येतो. आणि कृपा करून दर निरोपात कागद मागू नयेत. शाळेचा निरोप म्हणजे तक्रार नाहीतर झेरॉक्स, असं एकदा घरात बसलं की पुढचे निरोप कुणी उघडत नाही. ‘आज तुमच्या पोरीने न अडखळता धडा वाचला’ एवढं सांगायला अनुदान लागत नाही.

सभेचं वेळापत्रकही पाड्याच्या घड्याळाने चालावं. सकाळी अकराची सभा म्हणजे पालकाचा एक दिवसाचा रोज बुडाला. आवणीत आणि आठवडी बाजाराच्या दिवशी सभा ठेवूच नये. संध्याकाळी दिवेलागणीला पाड्यातच बसावं, समाजमंदिरात किंवा कुणाच्या ओट्यावर.

गावाने शाळेला हात लावल्याचं दुसरं उदाहरण शहापूर तालुक्यातलं पष्टेपाडा. शिक्षक संदीप गुंड यांनी तिथली जिल्हा परिषदेची छोटी शाळा डिजिटल केली आणि ती बघायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. त्यानंतर ठिकठिकाणी प्रोजेक्टर आले. मला वाटतं, पाहायला येणाऱ्यांनी यंत्रं टिपली आणि गावाचा सहभाग काहीसा नजरेआड केला. गावाने हात लावलेली वस्तू गाव सांभाळतं. वरून आलेला संच बिघडला, वीजबिल थकलं, की कपाटात जातो.

याआधीचा धडा तर आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातला आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पुढे 1957 मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर गेलं. तो भाग आता पालघर जिल्ह्यात आहे. मुलं वर्गात येईनात तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ वस्तीच्या अंगणात जाऊन बसल्या. गुरांमागे हिंडणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, म्हणजे गुरं चरताहेत तिथेच शिकणं. घरच्यांना ‘मुलाला शाळेत पाठवा’ असं बजावण्याआधी त्यांनी घरच्या कामाची वेळ आणि जागा समजून घेतली.

पुढच्या आठवड्यात दिवाळीनंतरच्या रिकाम्या बाकांकडे वळू. वीटभट्टीवर मजुरांच्या झोपड्यांना भोंगा म्हणतात आणि विधायक संसद या संस्थेने 1990 च्या दशकात तिथेच भोंगा शाळा चालवल्या. आई-बापांबरोबर गेलेल्या मुलाचं नाव गावच्या हजेरीपटावर राहतं आणि मूल भट्टीवर असतं. ते भट्टीजवळच्या शाळेत बसावं यासाठी दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांनी एकमेकांशी काय बोलायचं, कोणता कागद मुलाबरोबर द्यायचा आणि तो कुणाच्या हाती, हे तेव्हा तपशिलाने पाहू.