बुडालेल्या मालाचा हिशेब

‘गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा प्रश्न मराठी घरांत रोजचा आहे. फलंदाजाचे अ‍ॅव्हरेज, पावसाचे अ‍ॅव्हरेज, वर्गातला ‘अ‍ॅव्हरेज’ विद्यार्थी हेही तसेच अंगवळणी पडलेले. बेरीज करायची आणि संख्येने भागायचे एवढाच त्याचा अर्थ शाळेपासून मनात बसलेला असल्यामुळे हा इंग्रजी शब्द गणितातच जन्मला असावा, असे कोणालाही वाटेल. पुरावा मात्र बंदरांकडे आणि वादळात सापडलेल्या जहाजांकडे बोट दाखवतो. सरासरीची संख्या होण्याआधी कित्येक पिढ्या हा शब्द समुद्रात झालेल्या नुकसानीचा होता, आणि ते नुकसान कोणी सोसायचे या न्यायाच्या प्रश्नाचा होता.

वादळात जहाज बुडू लागले की ते हलके करण्यासाठी माल दर्यात फेकावा लागतो. कोणाचा फेकायचा याची चर्चा करायला सवड नसते. हाताशी येईल तो जातो. एकाचा माल गेल्यामुळे बाकीच्यांचा वाचला असेल, तर वाचलेल्यांनी मिळून त्याची भरपाई करावी, हा नियम ऱ्होड्स बेटाच्या नावाने ओळखला जातो. सम्राट जस्टिनियनने इ.स. ५३३ मध्ये जारी केलेल्या ‘डायजेस्ट’ या रोमन कायद्याच्या संग्रहात तो आहे आणि त्यातले बारकावे आजही थक्क करतात. जहाज वाचवण्यासाठी डोलकाठी मुद्दाम तोडली तर खर्च सर्वांचा. वाऱ्याने मोडली तर मालकाचा एकट्याचा. वजनाने नगण्य असणाऱ्या रत्नांच्या धन्यालाही वाटा उचलावा लागे, कारण हिशेब ओझ्याचा नव्हता, वाचलेल्या किमतीचा होता. मात्र स्वतंत्र माणसाच्या जिवाची किंमत करता येत नाही, म्हणून जीव वाचल्याबद्दल कोणाकडून काही घ्यायचे नाही, हेही तिथे स्पष्ट केले आहे.

हा नियम आकड्यांत मांडला की पुढची गोष्ट कळते. जहाज ५० लाखांचे, दोन व्यापाऱ्यांचा माल प्रत्येकी २० लाखांचा आणि तिसऱ्याचा १० लाखांचा; एकूण १०० लाख. तिसऱ्याचा सगळा माल फेकला गेला. नुकसान शेकडा १०, म्हणून प्रत्येकाने आपल्या मालमत्तेच्या शेकडा १० सोसायचे: जहाजमालकाने ५ लाख, दोघा व्यापाऱ्यांनी दोन-दोन. हे ९ लाख तिसऱ्याला मिळतात आणि त्याच्याही पदरी १ लाखाचा तोटा राहतो. बुडालेला माणूस फुकट सुटत नाही, वाचलेलाही सुटत नाही.

शब्दाचा प्रवास असा: अरबी ‘अवार’ म्हणजे दोष, मालाची खराबी. भूमध्य समुद्रावरच्या व्यापारातून तो इटालियनमध्ये ‘अवारिया’ झाला, फ्रेंचमध्ये ‘अवारी’, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत ‘अ‍ॅव्हरेज’. यावर एक आक्षेप येतो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये याच रूपाचा दुसरा शब्द होता. कुळांनी जमीनदारासाठी जनावरे जुंपून करायच्या वेठीला तो वापरत. मग मूळ तिथलेच का मानू नये? मला हे पटत नाही, कारण वेठीपासून सरासरीपर्यंत नेणारी वाटच सापडत नाही. उलट शेजारच्या भाषांची साक्ष भक्कम आहे. इटालियन ‘अवारिया’, फ्रेंच ‘अवारी’, डच ‘अवेराय’, जर्मन ‘हावारी’ हे सगळे आजही नुकसान, बिघाड किंवा अपघात याच अर्थाने वापरले जातात. सरासरीसाठी त्या भाषांनी वेगळे शब्द योजले. नुकसानीपासून वाटणीकडे, वाटणीपासून समान दराकडे आणि अठराव्या शतकात गणिती सरासरीकडे हा शब्द सरकला तो फक्त इंग्रजीत.

कोणी म्हणेल, जहाजावरची वाटणी तर किमतीच्या प्रमाणात होती, डोकी मोजून सारखी नव्हती. आक्षेप रास्त आहे. विम्याच्या कायद्यात ‘पर्टिक्युलर अ‍ॅव्हरेज’ म्हणजे ज्याचे त्याने सोसायचे नुकसान, तिथे वाटणीचा संबंधच नाही. पण त्यातून एवढेच सिद्ध होते की शब्दाचा गाभा नुकसान हा होता. ‘जनरल अ‍ॅव्हरेज’मध्ये, म्हणजे सर्वांनी वाटून घ्यायच्या नुकसानीत, दर रुपयामागे सर्वांवर सारखाच भार पडतो, आणि सगळ्यांचा माल सारख्या किमतीचा असेल तर प्रत्येकाचा वाटा म्हणजे एकूण नुकसान भागिले माणसे. शाळेतली सरासरी ती हीच.

याहून वजनदार आक्षेप आपल्याकडचा आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) खड्ड्याची रुंदी-खोली अनेक ठिकाणी मोजून बेरजेला ठिकाणांच्या संख्येने भागायला सांगितले आहे, ही ‘सममिती’. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ १५४५ च्या ‘बुद्धिविलासिनी’ टीकेत पुढे जाऊन म्हणतात की मापे जितक्या अधिक ठिकाणी घ्यावीत, तितके उत्तर सत्याच्या जवळ जाते. तेव्हा सरासरीची कल्पना समुद्राने दिली असे म्हणताच येणार नाही. समुद्राने दिला तो शब्द, आणि त्यासोबत वेगळी दृष्टी. सममिती आहे त्या वस्तूचे माप घेते. अ‍ॅव्हरेज, सर्वांवर सारखे पडले असते तर किती, हे विचारते. दरडोई उत्पन्नाचा आकडा या दुसऱ्या जातीचा आहे. तो सामान्य माणसाची मिळकत म्हणून वाचला जातो तेव्हा फसगत होते, कारण प्रत्यक्षात अशी वाटणी कोणी केलेलीच नसते.

जहाजांवर मात्र ती आजही होते. १८६४ साली यॉर्कला आणि १८७७ साली अँटवर्पला ठरलेल्या मसुद्यांतून आलेले यॉर्क-अँटवर्प नियम अजून पाळले जातात. त्यांची ताजी आवृत्ती २०१६ ची आहे. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे मालवाहू जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले. त्यावरचे सगळे खलाशी भारतीय होते आणि कंटेनर सुमारे १८,३००. जहाज सुटल्यावर मालकांनी जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केले. आपल्या मालाला धक्काही न लागलेल्या व्यापाऱ्यांना कंटेनर ताब्यात घेण्याआधी वाट्याची हमी द्यावी लागली. अशा वेळी ज्याने विमा उतरवलेला नसतो त्याला रोख अनामत भरावी लागते, आणि अंतिम हिशेब हाती यायला कित्येकदा वर्षे जातात.