मनातली थकबाकी

मागच्या वेळी आपण गटातल्या अंतर्गत कर्जाबद्दल बोललो. त्यानंतर एका ताईंचा निरोप आला. त्या म्हणतात, "आमच्या गटात दोघी ख्रिस्ती आहेत. रविवार चुकवत नाहीत, जेवायच्या आधी प्रार्थना करतात. पण दोन वर्षं झाली, एकमेकींशी बोलत नाहीत. एकीने दिलेला हप्ता दुसरी हातात घेत नाही, आम्हाला मध्ये घालते. त्यांचा धर्म त्यांना काही सांगत नाही का?"

प्रश्न जरा खोचक आहे, पण रास्त आहे. मी स्वतः ख्रिस्ती घरातली, आणि काम सगळ्या जातिधर्मांच्या गटांत, तेव्हा उत्तर मीच देते. सांगतो, पुष्कळ सांगतो. मात्र तो सुरुवात जिथून करतो ती जागा बाहेरून दिसत नाही.

बायबलमध्ये अंतःकरण हा शब्द जागोजागी येतो. आपण मन म्हटलं की राग, लोभ, माया एवढंच समजतो. तिथे अंतःकरण म्हणजे माणूस जिथे विचार करतो, ठरवतो आणि गोष्ट धरून ठेवतो ती जागा. त्यामुळे "माझ्या मनात काही नव्हतं, बोलण्याच्या भरात तोंडातून गेलं" ही आपली आवडती सबब तिथे चालत नाही. मार्काच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, परूशी लोक येशूच्या शिष्यांना हात न धुता जेवल्याबद्दल बोल लावतात. येशू लोकांना सांगतो की बाहेरून पोटात जाणारं अन्न माणसाला विटाळत नाही, त्याच्या आतून जे निघतं ते विटाळतं. आणि तो आतून निघणाऱ्या गोष्टींची नावं घेतो. चोरी, लोभ, कपट, हेवा, निंदा, गर्व. ही नावं नीट ऐका. यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला समोर दुसरं माणूस लागतं. आत काय शिजतंय ते घरात, शेजारात, गटातच कळतं.

गटात याचं रूप कसं असतं? एकीच्या मुलीला नोकरी लागली. दुसरी तोंडभर अभिनंदन करते, आणि त्याच बैठकीत तिच्या कर्जाच्या अर्जाला हरकत घेते. हरकत नियमाला धरून असते, कागदावर बरोबरही असते. पण हाच नियम मागच्या महिन्यात दुसऱ्या अर्जाला लावला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक असतं. हेवा सहसा हेवा म्हणून येत नाही, नियमाचं पुस्तक हातात घेऊन येतो. अशा वेळी ख्रिस्ती बाईने स्वतःला विचारायचं ते हे, की नियम मी आज का काढला?

आता आपल्या रोजच्या विषयाकडे, कर्जाकडे येते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? येशू म्हणतो, सातच्या सत्तरपट. आणि एक गोष्ट सांगतो. एका चाकराकडे राजाचे दहा हजार तालांत येणं होतं. त्याने पाय धरले, राजाला कळवळा आला, सगळं कर्ज सोडलं. तो चाकर बाहेर पडतो तोच त्याला सोबतीचा चाकर भेटतो, ज्याच्याकडे याचे शंभर दीनार आहेत. हा त्याचा गळा आवळतो. तोही पाय धरतो. पण हा त्याला तुरुंगात टाकतो.

आपण हिशेब करणाऱ्या बायका, तेव्हा हिशेबच करू. दीनार ही त्या काळची एका दिवसाची मजुरी. तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. हजार मजुरांचं गाव एकही सुट्टी न घेता राबलं आणि एक पैसा खर्च केला नाही, तरी फेडायला दीडशेहून जास्त वर्षं लागतील.

आणि शंभर दीनार? उपदेशात त्यांना बहुधा किरकोळ रक्कम म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे तीन महिन्यांहून जास्त रोजंदारी. आपल्यापैकी किती जणी ती हसत सोडतील? येशू लागलेल्याला लागलं नाही असं म्हणत नाही. जावेने चारचौघांत काढलेला शब्द, भावाने लिहून घेतलेली जमीन, हे सगळं शंभर दीनारांचं खरं येणं आहे. चाकराचा दोष वेगळाच आहे. त्याचं कर्ज वहीतून गेलं, पण तो आतून सुटला नाही. आपल्याला मोफत काही मिळालं हे त्याच्या अंतःकरणात उतरलंच नाही. ज्याला वाटतं मी देवाच्या दारी उभी आहे ती माझ्या चांगुलपणावर, ती शेजारणीकडेही वसुलीच्या नजरेने बघते. जिला खरंच वाटतं मला सोडून दिलंय, तिची मूठ हळूहळू सैल होते. हळूहळू म्हणते मी, कारण एका प्रार्थनेत होत नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. नवरा मारतो आणि वर घरातले म्हणतात, "तू ख्रिस्ती ना, मग क्षमा कर आणि गप नांद." हा त्या शिकवणीचा गैरवापर आहे. त्याच अठराव्या अध्यायात, या गोष्टीच्या आधीच, अन्याय झाला तर काय करायचं ते दिलंय. आधी त्याला एकट्याला गाठून चूक दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घेऊन जा. तरीही नाही तर मंडळीपुढे सांग. यात गप्प बसणं कुठेच नाही. मनातला सूड सोडणं वेगळं आणि मार खात राहणं वेगळं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांसाठी आहे, आणि १८१ हा महिलांच्या मदतीचा फोन नंबर आहे. क्षमा मनात करता येते आणि तक्रारही लिहून देता येते.

आत बदललं की बाहेर काय होतं, याचं एक उदाहरण आपल्याच मुलखातलं आहे. लक्ष्मीबाई टिळक यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या तरी सोवळं सोडलं नाही, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसाने, याचा विचार करता करता त्यांच्या मनातून जातिभेद गेला. तो आधी गेला, बाप्तिस्मा नंतर झाला. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये स्वतःची थट्टा करत सांगितलंय. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो, कारण उलटाही क्रम आपण बघतो. बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या झाल्या, आणि सोयरीक जुळवताना अजून आधीची जात विचारतात.

आता त्या दोघींविषयी. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगितलंय की तू अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. शब्द बघा, "तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध" असं नाही. रुसलेली ती असली तरी जायचं तुलाच. म्हणजे दोघींपैकी पहिलं कोणी जायचं या वादाला जागाच उरत नाही, दोघींनाही निघावं लागतं. चूक कोणाची हे त्यानंतर बसून बोलायचं.

निरोप पाठवणाऱ्या ताई, गुड फ्रायडेच्या आधीचे उपवासाचे दिवस आता सुरू होतील. तुम्ही हा हप्त्याचा पैसा मध्ये पडून घेणं तेवढं थांबवा. वही आणि पैसे दोघींच्या मध्ये ठेवा, आणि पुढची बैठक त्यांच्यापैकी एकीच्या घरी घ्या.