‘आमाले उनाची सवय हाय’

मार्च लागला की मोझरीच्या बसथांब्यावर, तिवशाच्या बाजारात, संत्र्याच्या बगीच्यात एक वाक्य ऐकू यायला लागतं : ‘आमाले उनाची सवय हाय.’ त्याच्या पाठोपाठ दुसरं : ‘अकोला पयलेपासूनच तापते, त्यात नवीन काय?’ बोलणारे खोटं बोलत नाहीत. वऱ्हाडातलं ऊन कडकच. पण या दोन वाक्यांच्या भरवशावर भर दुपारी उघड्यावर कामं काढली जातात, म्हाताऱ्या माणसांना टिनाच्या खोलीत ठेवलं जातं, आणि मग ‘अचानक गेले’ असं म्हटलं जातं. याचा मला संताप येतो.

आधी सवयीचं. शरीराला उष्णतेची सवय होते, हे वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे. घाम लवकर आणि जास्त सुटतो, घामातून मीठ कमी जातं, रक्तातला द्रव वाढतो. मात्र त्यासाठी एक ते दोन आठवडे रोज थोडा थोडा वेळ उन्हात काम वाढवत न्यावं लागतं. उन्हाशी संपर्क तुटला की काही आठवड्यांत ही सवय निघून जाते. म्हणजे गेल्या मेमध्ये कमावलेली सवय या मार्चला शिल्लक नसते, आणि आजोबांची सवय नातवाच्या अंगात उतरत नाही. मार्चअखेर पारा एकदम चढतो तेव्हा पऱ्हाटी उपटायला किंवा गहू काढायला गेलेल्या मजुराचं शरीर तयार झालेलं नसतं. म्हणून हंगामातल्या पहिल्या लाटाच जास्त घात करतात.

सवय झाली तरी मर्यादा बदलत नाही. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. हवा दमट असेल तर घाम नुसता ओघळतो, उष्णता आतच राहते. तापमापीच्या फुग्याला ओलं कापड गुंडाळून जे तापमान मिळतं ते ३५ अंशांवर गेलं, तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांपेक्षा जास्त टिकणार नाही, असं गणित संशोधकांनी २०१० मध्ये मांडलं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग करून २०२२ मध्ये दाखवलं की दमट हवेत ही मर्यादा त्याहूनही खाली, ३१ अंशांच्या आसपासच येते. इतकं लांब जायला नको. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात तासन्‌तास उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. त्या दिवशी तिथे नोंदलेलं हवेचं साधं तापमान जेमतेम ३८ अंश होतं. आपण ३८ ला ऊन म्हणतसुद्धा नाही.

आपल्याकडे दमट हवेची ही गत जूनमध्ये होते. एकदोन सरी येतात, पारा चाळिशीतच राहतो, हवेत ओल भरते आणि कूलर नुसतं चिकट वारं फेकतो. पाणी उडून जाण्यावरच कूलर चालतो. दमट हवेत पाणी फारसं उडत नाही.

आता ‘पयलेपासूनच तापते’ याचं. २६ मे २०२० रोजी अकोल्यात ४७.४ अंश नोंदले गेले, आणि असे आकडे वऱ्हाडाने पूर्वीही पाहिलेत, हे कबूल. पण हवामान बदल एका दिवसाच्या उच्चांकात शोधायचा नसतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०२० मध्ये निघालेला अहवाल सांगतो की १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. हरितगृह वायूंना आवर घातला नाही, तर शतकाअखेर उष्ण दिवस सुमारे ५५ टक्क्यांनी आणि उष्ण रात्री सुमारे ७० टक्क्यांनी वाढतील, असाही अंदाज त्यात आहे. २०२४ हे १९०१ पासूनचं देशातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं.

रात्रीचा आकडा मला जास्त भिववतो. दिवसभर तापलेलं हृदय रात्री विसावतं. रात्रच निवली नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन थकलेल्या शरीरावर येतं. आणि घरं? जाड मातीच्या भिंती, वर कवेलू, अंगणात कडुनिंब, अशा घरात आजोबांनी ४५ अंश काढले. नातू त्याच ४५ अंशांत टिनाखाली किंवा सिमेंटच्या स्लॅबखाली झोपतो, आणि तो स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो. आकडा तोच असेल, पण अंगावर येणारं ऊन तेच नाही. सवयीवर भागलं असतं तर मे २०२४ मध्ये अकोला जिल्ह्यात उन्हासाठी कलम १४४ लावायची, दुपारच्या शिकवण्या बंद ठेवायची वेळ आली नसती.

‘उन्हाने कोणी मरत नाही, मेला तो हार्ट अटॅकने,’ हेही ऐकतो. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. अशा लाटेत बहुतेकांच्या दाखल्यावर ऊन नसतं, हृदय किंवा मूत्रपिंड असतं. त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला.

बाकीचे समज थोडक्यात. खिशातला कांदा ऊन शोषत नाही. कांदा खा, वर पाणी प्या, डोक्याला दुपट्टा बांधा. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ दिवस, तापला नाही तर पाऊस नाही, हेही खरं नाही : २०२५ मध्ये नवतप्याच्या आदल्याच दिवशी मान्सून केरळात पोचला, आणि देशात सरासरीच्या सुमारे १०८ टक्के पाऊस झाला. ‘हवामान खातं कमी सांगते’ म्हणतात. खातं सावलीतलं, पेटीतलं तापमान सांगतं, शेतात अंगावर येणारं ऊन त्याहून कितीतरी जास्त असतं. चाळिशीच्या वरच्या हवेत कोरड्या अंगावर पंखा म्हणजे गरम झोत. आधी अंग ओलं करा. तहान लागेपर्यंत थांबू नका, म्हाताऱ्यांना तर ती कमीच लागते.

एक समज मात्र जिवावर बेततो : उष्माघाताला तापाची गोळी. हा संसर्गाचा ताप नव्हे, त्यामुळे पॅरासिटामॉलने तो उतरत नाही, उलट यकृतावर ताण येतो. माणूस बरळू लागला, भान हरपलं, अंग भाजतंय, तर घाम असो वा नसो, उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

मोझरीच्या गुरुकुंज आश्रमापासून खेड्यापाड्यांपर्यंत श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा आहेत, सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला जमणारी माणसं आहेत. त्यांना विनंती आहे. मार्च ते जून प्रार्थनामंदिर दुपारी उघडं ठेवा, तिथे पाण्याचा माठ ठेवा. गावात एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी करा आणि दुपारी त्यांच्या दारात जाऊन या. आणि मजूर लावणाऱ्यांनो, बारा ते चार काम बंद ठेवा. पहाटे लवकर सुरू करा.